बोटीच्या बोटीला जागा हवी

कळंबला समुद्र नाही. रस्त्यानं निघालं तर तो दोनशे किलोमीटरच्या पुढं लागतो, आणि तिथं पोचलेला कळंबकर आधी भेळ खातो, मग पाण्याकडं बघतो. गावाला आहे ती नीरा. अलीकडं आमचा इंदापूर तालुका, पलीकडं सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस, आणि मधून वीर धरणातून सोडलेलं पाणी, सोडलं तर.

तरीही बोटीच्या विषयात कळंबकर मत द्यायला लागला तर त्याला कुणी अडवू नये. त्याला इतिहासाचा आधार आहे. आमच्याच शिवारात १९३० च्या दशकात ज्यांनी साखर कारखाना उभा केला आणि ज्यांच्या नावानं पुढं वालचंदनगर वसलं, ते शेठ वालचंद हिराचंद मुळात जहाजवाले. १९१९ साली त्यांनी भागीदारांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, ग्वाल्हेरच्या महाराजांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विकत घेतलं आणि ५ एप्रिलला ते मुंबईहून लंडनकडं सोडलं. स्वतः शेठजी त्यात होते. तो दिवस आता देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. विशाखापट्टणमची गोदीही त्यांनीच काढलेली. तिथं बांधलेलं ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. मी वालचंदनगरला फिटर होतो. तिथं नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स तयार होतात. ज्या शिवारातून जहाजाचे गिअर जातात, तिथल्या माणसानं काय जन्मभर फक्त उसावरच बोलायचं?

सांगायचं कारण, माझ्या पुतण्यानं बोट घेतली. पुतण्या अमेरिकेत मेरीलँडला असतो. तिथं चेसापीक नावाचा मोठा उपसागर आहे, आणि त्याच्या काठावर अॅनापोलिस नावाचं गाव आहे, जिथं घरांपेक्षा बोटीच जास्त असाव्यात असं मला तिथं गेल्यावर वाटलं. दर ऑक्टोबरात तिथं बोटींची जत्रा भरते. आपल्याकडं जत्रेत बैल बघायला गेलेला माणूस दावं घेऊन घरी येतो. पुतण्या दोरी बघायला गेला आणि बोट घेऊन आला. तीस फुटी, जुनी, पण इंजिन धडधाकट. नाव ठेवलं ‘नीरा’. थोरल्या बंधूंना फोनवर नाव ऐकून भरून आलं. किंमत ऐकून तो उमाळा ओसरला.

या बोटीला मागच्या बाजूला ओटा आहे. पाण्याच्या पातळीपासून फूटभर वर, बोटीच्या पूर्ण रुंदीचा, तीनेक फूट खोलीचा. त्याला दुमडणारी शिडी, शेजारी गोड्या पाण्याचा शॉवर. पाण्यात उडी मारायची, डुंबायचं, शिडीनं वर यायचं, ओट्यावर बसून पाय पाण्यात सोडायचे, एवढ्यासाठीच तो केलेला असतो. पुतण्या म्हणतो, बाकी बोट ठीकठाक होती, पण ओटा बघितला आणि सही केली. सूनबाईनं तर त्या ओट्यासाठी रंगाला साजेसे टॉवेल आणले.

पहिल्याच महिन्यात त्यांना कळलं की बोट काठाला लागत नाही. चेसापीक म्हणजे नकाशावर अफाट, पण सरासरी खोली एकवीस फूट. आमच्या मळ्यातली विहीर त्याहून खोल आहे. आडबाजूच्या सुंदर खाड्यांमध्ये तर काठापासून लांबवर गुडघाभर पाणी आणि खाली चिखल. तेव्हा मोठी बोट खोल पाण्यात नांगरायची आणि काठावर जायला दुसरी लहान बोट वापरायची. हिला डिंगी म्हणतात. पुतण्यानं फुगवायची घेतली. साडेआठ फूट लांब, राखाडी रबरी नळ्या, फुगवायचाच तळ, वजन तीसेक किलो, आणि मागं लावायला सतरा किलोचं अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन. तिचं नाव ‘कऱ्हा’ ठेवलं, कारण बारामतीच्या सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते. कल्पना उत्तम. मिळाल्यावर कऱ्हेनं राहायचं कुठं, हा प्रश्न सोनगावला पडत नाही. अॅनापोलिसला पडला.

फुगवायच्या होडीची जगातली सगळ्यात मोठी कामगिरी एका फ्रेंच डॉक्टरच्या नावावर आहे. आलँ बोंबार १९५२ साली साडेचार मीटरच्या तसल्या होडीतून एकटा अटलांटिक ओलांडून गेला. कॅनरी बेटांवरून ऑक्टोबरात निघाला, डिसेंबरात बार्बाडोसला लागला. खायला मासे, प्यायला पाऊस आणि माशांचा रस. त्याच्या हालांची वर्णनं अंगावर काटा आणतात. पण एक त्रास त्याला झाला नाही. त्याच्याकडं मोठी बोट नव्हती, त्यामुळं छोटी कुठं ठेवायची याचा विचार त्याला दोन महिन्यांत एकदाही करावा लागला नसेल.

पुतण्यानं आधी सगळ्यात सोपं केलं. डिंगीला दोरी बांधली आणि मागं ओढत नेली. सरळ जाताना ती गुणी वासरागत मागं येते. बोट उलटी घेताना दोरी सैल पडते, आणि पाण्याखालचा पंखा सैल दोरी सोडत नाही. पंखा पाण्याखाली, दोरी पंख्यात, पुतण्या दोरीपाशी, आणि सूनबाई वरून दोरीचं दुसरं टोक कुठं गेलं असेल त्याचा अंदाज सांगत होती. तो संवाद मला दोघांनी वेगवेगळा सांगितला. दोन्हींत जुळणारी गोष्ट एकच, की शेवटी चाकू लागला.

मग हवा सोडून गुंडाळून पिशवीत ठेवायचं ठरलं. इथं मी फिटर म्हणून बोलतो. पिशवीतून काढलेली डिंगी पुन्हा त्याच पिशवीत जात नाही. मी तिथं असताना स्वतः गुडघे देऊन बघितलं. कंपनी बहुधा आधी डिंगी गुंडाळून ठेवते आणि मग तिच्याभोवती पिशवी शिवते. शिवाय काठावर जायचं झालं की पायपंप काढा, तीन नळ्या आणि एक तळ फुगवा. तोवर काठावरचं हॉटेल बंद होतं. पुढं नाळेवर ठेवावी तर नांगर तिच्याखाली जातो आणि चालवणाऱ्याला समोर समुद्राऐवजी राखाडी रबर दिसतं. छपरावर ठेवावी तर चढवायला यारी पाहिजे.

छपराचा विषय निघाला म्हणून सांगतो, हा प्रश्न नुसता हौशी लोकांचा नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर बावीसशेच्या वर माणसं होती आणि वीस होड्यांत मिळून जागा होती ११७८ जणांची. त्या वेळचा ब्रिटिश नियम सोळाच होड्या मागत होता. कंपनीनं चार जास्तीच्या घेतल्या, कॅनव्हासच्या बाजू उभ्या करायच्या, घडीच्या. त्यातल्या दोन अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छपरावर ठेवल्या होत्या. वेळ आली तेव्हा छपरावरून त्या धड खाली घेता आल्या नाहीत. एक तर उलटीच पाण्यात गेली आणि माणसं तिच्या पाठीवर उभी राहून वाचली. होडी असणं आणि ती हाताशी असणं यात केवढं अंतर असतं, ते त्या रात्रीनंतर जगानं नियमात लिहिलं. या जागी विनोद करायला मला जमत नाही, म्हणून पुढं जातो.

पुतण्याजवळ उरला तो ओटा. आणि ओट्याचं जगभर एकच होतं. आपल्याकडं घर बांधताना माणूस गवंड्याला सांगतो, पुढं ऐसपैस ओटा काढ, संध्याकाळी चार माणसं बसली पाहिजेत. घरभरणी होते, चार माणसं एकदा बसतात. पुढच्या पंधरवड्यात तिथं युरियाची दोन पोती येतात, ती आली म्हणून फवारणीचा पंप येतो, पंप आला म्हणून मोटारसायकल आत सरकते, आणि माणसं रस्त्यावर बसतात.

अमेरिकेत यावर शास्त्र आहे. बोटीच्या ओट्यावर डिंगी ठेवायच्या इतक्या तऱ्हा मी तिथल्या दुकानात पाहिल्या की मला आमच्या कारखान्याचं स्टोअर आठवलं. मोठ्या बोटींना मागं दोन वाकडे लोखंडी हात असतात, त्यांना कप्पी-दोर लावून डिंगी अधांतरी टांगतात. काही जण ओट्यावर पाळण्यासारखे ठोकळे बसवून त्यात ती सपाट ठेवतात. पण पुतण्याचा ओटा तीन फुटांचा आणि डिंगी पाच फूट रुंद, म्हणजे सपाट ठेवली की दोन फूट बाहेर. राहिली तिसरी तऱ्हा. डिंगीच्या एका कुशीला दोन खटके डकवायचे, ओट्याच्या काठावर दोन कड्या बोल्टनं बसवायच्या. डिंगी ओट्याला समांतर आणून खटके कड्यांत अडकवायचे आणि पलीकडच्या कुशीची दोरी ओढली की डिंगी बिजागरीवरच्या दारासारखी फिरून ओट्यावर कुशीवर उभी राहते. मग दोन दांड्या लावून तिला बोटीला टेकवायचं. बोट दहा फूट रुंद, डिंगी साडेआठ फूट लांब, बरोबर बसते. ही मापं मी घेतली, त्यामुळं बरोबर आहेत.

निर्णय मात्र एकट्यानं घ्यायचा नाही, अशी आमच्या घराण्याची पद्धत आहे. मी गावी परतल्यावर पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावला. तिथं सकाळचे दहा, इथं संध्याकाळचे साडेसात. मी पंक्चरच्या दुकानापाशी होतो. रबराचा विषय असल्यानं ती जागा सोडायची गरज वाटली नाही.

पंक्चरवाल्यानं फोन हातात घेऊन डिंगी पुढून-मागून बघितली आणि विचारलं, “हवा किती घेती?”

“तीन, साडेतीन पीएसआय,” पुतण्या म्हणाला.

“तीस म्हन की.”

“तीस नाही, तीन.”

पंक्चरवाला माझ्याकडं वळला. “काका, तीन पीएसआयला हवा म्हनत न्हाईत. त्याला फुंकर म्हनत्यात.”

त्याचं चुकत नव्हतं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात तीसच्या आसपास, मालट्रकच्या चाकात शंभरच्या आसपास भरणारा माणूस तो. पण डिंगीच्या नळ्या जाडजूड असतात आणि हवा थोडीच मागतात. त्यांना कॉम्प्रेसर लावला तर शिवणी उघडतात. शिवाय सकाळी गारव्यात भरलेली हवा दुपारी उन्हात फुगते, म्हणून सूर चढला की थोडी सोडावी लागते आणि रात्री ती पुन्हा मऊ पडते. पुतण्यानं हे समजावल्यावर पंक्चरवाल्यानं आपला निष्कर्ष काढला: “म्हंजी दुभतं जनावर हाय. दोन टायमाला बघायचं.”

तोवर कारखान्याला ऊस वाहणारे दोन ट्रॅक्टरवाले येऊन उभे राहिले होते. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडून, लासुर्ण्याच्या रस्त्यानं रात्री नेणारी ही माणसं. बांधण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडं शेवटचा. त्यांना कड्या दाखवल्या.

“किती जागी धरलंय?”

“खाली दोन खटके. वर दोन दांड्या.”

“आन दोर?”

“दोर नाही.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. वयानं मोठा होता तो म्हणाला, “ह्ये उभं ऱ्हातंय. पन चालल्यावर ऱ्हात न्हाई. खालनं धरलेलं वाऱ्यानं वरनं जातंय. दोन्ही अंगानं तिरपं चऱ्हाट घे, आन घासंल तिथं गोणपाट दे.”

गंमत म्हणजे अगदी हाच सल्ला नंतर पुतण्याला बोटीच्या दुरुस्तीखान्यातल्या माणसानं दिला आणि तासाचे पैसे लावले. उभी डिंगी म्हणजे बोटीच्या पाठीवर चाळीसेक चौरस फुटांचं शीड. मागून वारा आला की ती बोटीला ढकलते, बाजूनं आला की वळवते, आणि लाट मागून येऊन बसली तर सगळा हिसका त्या दोन खटक्यांवर. तिथं तिरपा पट्टाच लागतो. गोणपाटाच्या जागी तिकडं फायर ब्रिगेडचा जुना पाइप कापून घालतात.

हे सगळं चालू असताना आमची काकू भाजी घेऊन घरी निघाली होती, ती फोन बघून थांबली. तिनं चित्र नीट न्याहाळलं. उभी डिंगी, बांधलेले पट्टे, मागं बोट. मग विचारलं, “आरं, पन ही हितं हुबी केल्यावर अंघुळ कुठं करायची?”

पलीकडं बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

तरी काम झालं. खटके डकवणं हे कीर्तनाइतकं शिस्तीचं प्रकरण आहे. डिंग्या दोन जातींच्या. एक पीव्हीसीची, दुसरी हायपलॉन नावाच्या रबराची. दोघींचा डिंक वेगळा. एकीचा दुसरीला चालत नाही, आणि चुकीचा लावला तर तो दुकानात धरतो, पाण्यात सोडतो. दोन डबे मोजून मिसळायचे, पृष्ठभाग घासून घ्यायचा, हवेत दमटपणा कमी असलेला दिवस धरायचा. उपसागराच्या काठावर उन्हाळ्यात हवा कोरडी असलेला दिवस शोधायचा म्हणजे मुहूर्तच काढावा लागतो. डकवल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही. पुतण्या रात्री दोनदा उठून बघून आला. हात लावला नाही, नुसतं बघितलं. ओट्याला बोल्टची भोकं पाडताना मात्र त्याचा हात कापत होता असं सूनबाई म्हणाली. बोटीला स्वतःच्या हातानं भोक पाडणं हे कुठल्याही बोटवाल्याच्या जिवावर येतं, मग ते पाण्याच्या वर का असेना. प्रत्येक भोकात आधी सीलंट, मग बोल्ट, खाली पत्र्याची जाड पट्टी. हे मी फोनवर उभं राहून करून घेतलं.

डिंगी उभी राहिली. झकास उभी राहिली. मग काय काय दिसेनासं झालं ते हळूहळू ध्यानात आलं.

पहिलं, बोटीचं नाव. ते मागच्या फळीवर असतं. ‘नीरा’ ही अक्षरं झाकली गेली आणि वर फक्त ‘कऱ्हा’ दिसायला लागलं. भूगोलाच्या पुस्तकात उपनदी मुख्य नदीला मिळते; इथं तिनं मुख्य नदीला गिळलं. मग मागचा पांढरा दिवा. रात्री मागून येणाऱ्या बोटीला दिसावा म्हणून तो असतो, मागच्या बाजूला १३५ अंशांत दिसलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. डिंगीनं त्यातले बहुतेक अंश घेतले. तेव्हा दिवा वर काठीवर चढवला, काठीसाठी दोन भोकं. शॉवर डिंगीच्या मागं गेला. शिडी डिंगीच्या खाली गेली. म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाला वर यायचं तर आधी डिंगी पाण्यात यायला पाहिजे. यावर दुसरी शिडी बाजूला बसवली. दोन भोकं.

इंजिनाचं वेगळंच. कुशीवर उभ्या डिंगीला सतरा किलोचं इंजिन लटकत ठेवता येत नाही, तेल गळतं आणि फळी पिळते. ते काढून कठड्यावर लाकडी ठोकळ्याला लावायचं. पाण्यात हलणाऱ्या डिंगीतून हलणाऱ्या बोटीत सतरा किलोचं इंजिन उचलून देणं ही क्रिया नवरा-बायकोनं मिळून करायची असते. ज्यांना पत्रिका जुळवायची हौस आहे त्यांनी ती ठेवून द्यावी आणि उपवर मुलामुलीला एकदा हे काम सांगावं. इंजिन कठड्यावर आलं म्हणून त्याच्या पेट्रोलच्या डब्याला जागा लागली, डबा वासामुळं आत ठेवायचा नाही म्हणून बाहेर फळी आली. वल्ही, पंप, नांगर, छोटा नांगरदोर हे डिंगीचं सामान डिंगीत ठेवावं तर ती उभी असते. सगळं खाली पडतं. तेव्हा ते केबिनमधल्या पलंगावर आलं. तिथं झोपणाऱ्या पाहुण्याच्या उशाशी वल्हं असतं.

इंजिन लावलं की तिथल्या सरकारच्या लेखी डिंगी ही स्वतंत्र बोट होते. तिची वेगळी नोंदणी, दोन्ही कुशींवर नंबर, स्टिकर. आणि मेरीलँडमध्ये एकवीस फुटांच्या आतल्या चालत्या बोटीत तेरा वर्षांखालच्या मुलानं लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे. पुतण्याची पोरगी दहा वर्षांची. मोठ्या बोटीवर ती मोकळी हिंडे, डिंगीत पाय ठेवला की जॅकेट. हा नियम मला फार पटला. आपल्याकडं धरणावर लॉन्चमधून फिरायला जाणाऱ्यांनी तेरा वर्षांची अट काढून तो जसाच्या तसा घ्यावा. जॅकेट अंगात घालायचं असतं, बाकाखाली ठेवायचं नसतं.

आणखी एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बोटीच्या इंजिनाचा धूर मागच्या बाजूनं, ओट्याजवळच बाहेर पडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. चालत्या बोटीच्या मागं हवा पोकळ होऊन तो पुन्हा आत खेचला जातो, आणि मागं रबराची भिंत उभी केली की धुराचे मार्ग बदलतात. पुतण्यानं केबिनमध्ये त्याचा अलार्म बसवला आहे. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना ओट्यावर बसायचं नाही, शिडीला धरून पाण्यात तरंगायचं नाही, हे तो पाहुण्यांना पहिल्या चहाआधी सांगतो. पाहुणे मान हलवतात. ओट्यावर बसायला जागाच नसते, त्यामुळं नियम पाळणं सोपं जातं.

मी हे सगळं गावात सांगतो तेव्हा म्हातारी माणसं विचारतात, की होडी ठेवायला एवढं कशाला लागतं? त्यांचंही खरं आहे. नदीकाठच्या गावांत पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून लोक पलीकडं गेलेले आहेत. काहील गोल, बुड सपाट, कडेला कड्या. दोर लावला की ओढता येते, फक्त गोल फिरते, त्यामुळं बसणाऱ्याला दोन्ही तालुके आलटून पालटून दिसतात. ती सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. पण पाणी ओसरल्यावर ती कुठं ठेवायची, असं कधी कुणी विचारलं नाही. हंगाम आला की ती चुलाणावर चढते आणि तिच्यात गूळ शिजतो. तलावांवर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारे मच्छीमार बघा. काम झालं की ट्यूब खांद्यात अडकवून घरी जातात आणि खुंटीला टांगतात. त्यांच्या होडीला दुसरी होडी लागत नाही, कारण पहिलीच काठाला लागते.

हे मी पुतण्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, बरोबर आहे तुमचं. प्रश्न बोटीचा आहे, डिंगीचा नाही.” मला वाटलं पोराला शहाणपण आलं. पण त्याच्या बोलण्याचा रोख वेगळा होता. आणखी मोठ्या बोटी मिळतात. त्यांचा ओटा हायड्रॉलिकवर चालतो. बटण दाबलं की डिंगीसकट पाण्यात खाली जातो, डिंगी आपोआप तरंगून निघते. परत आली की ओटा वर येतो आणि ती पाळण्यात बसते. इंजिन काढायचं नाही, दोरी ओढायची नाही, खटके नाहीत. आणि डिंगी बाहेर असेल तेव्हा तोच ओटा पाण्यात बुडवून त्यावर बसून अंघोळ करता येते. हे शेवटचं वाक्य त्यानं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, काकूला ऐकू जावं म्हणून. थोरल्या बंधूंनी किंमत विचारली नाही. त्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि आत जाऊन पाणी प्यायले.

तेव्हा ‘नीरा’ आता विक्रीला आहे. तीस फूट लांब, दहा फूट रुंद, इंजिन धडधाकट, मागं ऐसपैस ओटा, शॉवर चालू, शिड्या दोन. ओट्याला आणि मागच्या फळीला भोकं आहेत, पण सगळी सीलंट भरून नीट बुजवलेली. त्यावरून कुणी घासाघीस करू नये. ‘कऱ्हा’ सोबत मिळणार नाही. नवी बोट तिच्यासाठीच घ्यायची आहे.